गाडी पावणेपाचची, शाळा सुटते पाचला

पुतणी यंदा नववीत गेली. शाळा सात किलोमीटरवर, बाजाराच्या गावात. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, त्यामुळे पैशाचं अडत नाही. अडतं ते गाडीपाशी. शाळा सुटते पाचला, वाडीकडची गाडी निघते पावणेपाचला आणि पुढची थेट साडेसातला. म्हणून शेवटच्या तासाला पाच-सहा पोरी दप्तर पाठीला लावून दारात उभ्या असतात. सर नुसती मान हलवतात, या पळत सुटतात. तो तास भूमितीचा. पोरीला प्रमेयाची निम्मी सिद्धता पाठ आहे, उरलेली निम्मी एसटीत गेली.

आमच्याकडं पोरगं कितवीला आहे हे विचारावं लागत नाही. चालत दिसलं की चौथीच्या आतलं, सायकलवर दिसलं की पुढचं. नववीपासून एसटी, आणि ती चुकली की वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खासगी जीप. पोरगे मागं लोंबकळत जातात. पोरींना घरचे वडापात बसू देत नाहीत, मग त्या दिवशी शाळा बुडाली.

शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. पण मध्ये ओढा आहे ना! उन्हाळ्यात दगडांवरून वीस मिनिटं, जुलैत पुलावरून वळसा घालून तासभर. आणि हा कायदा १४ वर्षांपर्यंतचाच. म्हणजे अंतर वाढायला लागलं की हक्क संपला.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले होते. पोरांना न्यायला-आणायला गाडी देऊ म्हणे. वाडीच्या शाळेचा पट अकरा. मोठ्या शाळेत चार मित्र जास्त मिळतात, खेळायला मैदान मिळतं, हे मला मान्य आहे. पण सहा वर्षांचं पोर गाडीच्या भरवशावर सोडायचं? इथं एक गाडी वीस मिनिटं पुढं ढकलायला मी आगारात दोनदा अर्ज दिलाय. "वेळापत्रक वरून येतं," एवढंच उत्तर.

परवा पुतणी म्हणाली, "नाना, भूमिती पहिल्या तासाला घ्यायला सांगा की सरांना." गेलो विचारायला. सर म्हणाले, पहिल्या तासाला पलीकडच्या वाडीची पोरं नसतात, त्यांची गाडी उशिरा येते.