मोत माउलीला आम्ही जाणारच

आज सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, बांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला जाणाऱ्या हिंदूंना लाज वाटायला हवी. खाली अंगठ्यांची रांग. सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

आम्ही कोळी. चैत्रात कार्ल्याची एकवीरा, सप्टेंबरात मोत माउली. घरात यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही. बाबांचा पाय होडीवर दोरात अडकून चिरडला, तेव्हा आजीने चर्चबाहेरच्या दुकानातून माउलीला वाहायला मेणाचा पाय घेतला. पिवळसर, पाची बोटं उठून दिसणारा. उन्हाने मऊ पडू नये म्हणून पदराआड धरून टेकडी चढली. तिची लाज वाटून घेऊ?

बांद्रा साष्टी बेटावर आहे, हेच विसरलेत लोक. ज्यांचं पोट समुद्रावर, ते टेकडीवरच्या आईला हात जोडणारच! सन १७०० मध्ये लुटारूंनी सोन्याच्या आशेने मूर्तीचा उजवा हात तोडला. १७३८ च्या मराठे-पोर्तुगीज लढाईच्या धामधुमीत चॅपलही गेलं. मग एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि माउली समुद्रात सापडली, असं आमच्यात सांगतात. आताचं चर्च १९०४ चं, आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी माणसाचा. त्यांनाही लाज वाटायला हवी होती का?

पोर्तुगीजांनी साष्टीत देवळं पाडली. हो, पाडली, त्याचा राग मलाही आहे. पण तो हिशेब माझ्या आजीकडून का मागता? तिच्या त्या मेणाच्या पायाकडून?

पाय डॉक्टरांनी वाचवला, तेही मान्य. पण अपघातानंतर आमची चूल पेटली ती आजी टेकडी उतरून आल्यावरच. सोबत शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, मावशी गेल्या होत्या. लुगडं नेसणाऱ्या, माउलीला मराठीतच गाऱ्हाणं घालणाऱ्या. आजीला पायऱ्या झेपेनात, तर तो मेणाचा पाय त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि आजीला दंडाला धरून वर नेलं. आज लिहिताना त्यांचीच फार आठवण येतेय. असं माणूस आता शेजारी मिळतं का हो?

८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते. बाबांना घेऊन जाणार आहे, अजून टेकडी चढतात ते. बांद्रा स्टेशनवरून बेस्टच्या जादा गाड्या असतात. कुणाला यायचं असेल तर आधी सांगा, गर्दीत चुकामूक होते.