मेणबत्ती वितळवून हात बुडवण्याआधी

डिसेंबरात सकाळचा कोरडा वारा सुटला, हात पांढुरके पडून खरखरू लागले, की गोव्यातल्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: घरातल्या दोन मेणबत्त्या कढईत वितळवा, चमचाभर खोबरेल घाला, हात बुडवा, वर पिशवी बांधा. पार्लरमध्ये हेच करतात. शरीरातली विषं निघून जातात, नखं भराभर वाढतात, संधिवात जातो. मेण गाळून पुन्हा वापरा.

कोमट मेणाने हात मऊ होतात, एवढं यात खरं आहे. पण पार्लरमध्ये "हेच" करत नाहीत, आणि हात भाजतात ते नेमके इथे.

हातांसाठी विकलं जाणारं पॅराफिन मेण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि ५२ ते ५४ अंशांवर वापरलं जातं. मेणबत्ती उन्हाळ्यात वाकू नये म्हणून तिच्यात मुद्दाम कडक मेण आणि बऱ्याचदा स्टिअरिक ॲसिड असतं. ती साठीच्या आसपास वितळते. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, विकतात त्या रंगीत किंवा सुगंधी मेणबत्त्यांतला रंग आणि वास त्वचेसाठी तपासलेला नसतो, ही आणखी एक भर. चमचाभर खोबरेलाने वितळबिंदू फारसा उतरत नाही. फिजिओथेरपीत सहा-सात भाग मेणाला एक भाग लिक्विड पॅराफिन (पातळ खनिज तेल) घालतात, तेही मूळचं मेण मऊ असताना. शिवाय पुन्हापुन्हा तापवलेलं खोबरेल खवट होतं.

"वर साय धरली की मेण तयार" हा सल्लाही सोबत येतो. साय धरते म्हणजे मेण गोठायला लागलं, एवढंच. हातांच्या मेणात ती योग्य तापमानाला धरते, मेणबत्तीच्या मेणात साठीजवळच. खूण तीच, पण हात जातो जास्त गरम मेणात. ५४ अंशांचं पाणी अर्ध्या मिनिटात भाजू शकतं, तेवढंच गरम मेण सोसतं, कारण मेण त्वचेला उष्णता सावकाश देतं आणि पहिला थर लगेच गोठून आडोसा करतो. ही सवलत थोड्याच अंशांची आहे.

कढई थेट गॅसवर ठेवणं त्याहून वाईट. मेण उकळत नाही, बुडबुडे येत नाहीत, त्यामुळे किती तापलं ते कळत नाही. २०० अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घालायचं. पाणी ओतलं तर जळतं मेण उडतं. हातांसाठीचं मेण गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवलं की आगीची भीती बरीच कमी होते, पण उकळत्या पाण्यात मेणही नव्वदीच्या पुढे जातं. म्हणून उतरवून ढवळा आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने ५४ अंश दिसेपर्यंत थांबा. थर्मामीटर नसेल तर हा प्रकार घरी करू नका.

योग्य पद्धत अशी. अंगठ्या-बांगड्या काढा. हात धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत पूर्ण कोरडे करा, कारण अडकलेला पाण्याचा थेंब त्वचेला मेणापेक्षा झटकन भाजतो आणि तिथे फोड येतो. क्रीमचा पातळ थर लावा. बोटं थोडी फाकवून हात बुडवा, लगेच बाहेर काढा, चमक जाईपर्यंत पाच-दहा सेकंद थांबा, पुन्हा बुडवा. असे सहा ते आठ थर. मधे बोटं हलवली तर थराला चीर पडते आणि पुढच्या वेळी गरम मेण आत शिरतं. वर पिशवी, त्यावर टॉवेल, १५ ते २० मिनिटं. मग मनगटाकडून मोज्यासारखं सोलून काढा.

विषं? मेणाखाली दिसतो तो घाम. तो उडून जात नाही, त्वचेच्या वरच्या थरात मुरतो, म्हणून हात मऊ लागतात. हा परिणाम फार तर दिवसभराचा. सोलल्यावर लगेच क्रीम लावलं नाही तर त्याहूनही कमी.

नखांचं तर उलटंच आहे. नखाचा दिसणारा भाग मृत केराटिन. वाढ होते मुळाशी, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, मेण लावा की न लावा. मेणाने क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, मऊ पडतं. ते लाकडी काडीने हळूच मागे सारा, कापू नका, कारण जंतू अडवणारी कड तीच. ओलसर नख पापुद्र्यांत फाटतं, म्हणून कानस नंतर, नख कोरडं झाल्यावर. नेलपॉलिश लावायचं असेल तर आधी रिमूव्हरने तेलकटपणा पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सालं निघतात.

संधिवाताच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. हाताच्या आखडलेल्या सांध्यांना फिजिओथेरपीत मेण देतात, दुखणं काही वेळ कमी होतं, व्यायाम सोपा जातो. आजार जात नाही, आणि सांधा लाल, गरम, सुजलेला असताना मेण लावायचं नसतं.

मधुमेहाने बधिरलेले हात, जखम, एक्झिमा, बुरशी यांवर मेण नकोच. मासळी कापणाऱ्या, सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांना नखाच्या कडेला सूज येते, तिथे ऊब आणि ओल कोंडली तर ती वाढते. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात पोळले असतील तेव्हाही नाही. नुसत्या भेगा असतील तर रात्री भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) चोळून सुती हातमोजे घाला. ते तळहाताच्या उबेवर मऊ होतं, भाजायचा प्रश्नच नाही.

गाळून पुन्हा? कापडातून त्वचेचे मोठे तुकडे अडतात, जंतू नाही, आणि ५४ अंशांना सगळे जंतू मरत नाहीत. घरी एकाच माणसाने आपलं मेण काही वेळा वापरलं तर चालेल. पार्लरमध्ये मात्र सगळ्यांचे हात एकाच भांड्यात जात असतील तर नको म्हणा. पिशवीत वेगळं मेण ओतून द्यायला सांगा. सोललेलं मेण कचऱ्यात टाका, सिंकमध्ये वितळलेलं ओतू नका. ते पाइपात गोठतं आणि प्लंबरला बोलवावं लागतं.