मावशींचं काम

जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने 2024 मध्ये मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आल्या. तेव्हापासून आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तोच वाद अधूनमधून उकळतो: चार वर्षं बीएस्सी नर्सिंग करून आपल्या मुलींनी तिकडच्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायचं का? मी श्टुटगार्टजवळच्या वृद्धनिवासात तेच करते, म्हणून माझ्यादेखत सगळे जरा सावरून बोलतात.

मला त्या कामाची लाज कधी वाटली नाही. ते येत नव्हतं, याची वाटली. पक्षाघात झालेल्या एका आजोबांना सूप भरवताना सहकारणीने माझा हात धरला. सरळ बसव, हनुवटी खाली, चमचा अर्धाच. कंठ हलला, घास उतरला, मगच पुढचा. एका वाटीला पंचवीस मिनिटं लागली. कॉलेजात हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वॉर्डात मात्र भरवायचे नातेवाईक, बेडपॅन द्यायच्या मावशी, आणि आम्ही सलाईन लावायचो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या अभ्यासक्रमात वृद्धपरिचर्या आहे, पण अडल्ट हेल्थ या विषयाच्या पोटात. इथे जर्मनीत वृद्धसेवेचं शिक्षण वेगळंच असे. 2020 पासून ते सर्वसाधारण नर्सिंगमध्ये मिसळलं, आणि त्यात वृद्ध हरवतील अशी कुरकुर झालीच. तरी तीन वर्षांत 400 तास निवासी सेवेत आणि 400 तास घरोघरी काढावे लागतात, त्यातले निदान दहा टक्के शिकवणारं माणूस सोबत घेऊन. (इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. रात्रपाळीला अख्ख्या मजल्यावर मी आणि एक मदतनीस.)

"आपल्याकडे म्हातारी माणसं घरातच असतात, त्याला नर्स कशाला?" हा काकांचा हुकमी एक्का. घरात असतात म्हणूनच नर्सिंगच्या मुलींचं पोस्टिंग, म्हणजे शिकतानाचं प्रत्यक्ष काम, घरात हवं, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या सुट्टीत सांगलीला आत्याकडे गेले. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पडून आहे. ब्यूरोतून आलेली बाई तिला आडवंच ठेवून पाणी पाजत होती. प्रत्येक घोटाला ठसका. पाठीशी दोन लोड लावून बसवलं, तर ठसका थांबला. बाई म्हणाली, "मला कुणी सांगितलंच न्हाई."

त्याच गल्लीत नर्सिंगच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला येतात. बाळांची वजनं, गरोदर बायांची यादी, लसींची कार्डं. आत्याचंही बीपी त्यांनी घेतलं होतं. उशाशी चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.