फिनिक्सचं उदाहरण देणाऱ्यांनी निदान फिनिक्स तरी नीट बघावं

परवा रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली त्याचं वाक्य: ‘मामा, हे वाच. म्हणून यंदा निवड चाचणी ठेवत नाहीये.’ भाचा पुण्यात सोसायटीतल्या सोळा वर्षांखालच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. गेल्या हंगामात त्यांनी आधी सपाटून मार खाल्ला आणि शेवटचे तीन सामने जिंकले. फॉरवर्डमधला मजकूर मात्र थेट एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा. एक, फिनिक्स सन्स या संघाने 2020 मध्ये शेवटचे आठही सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी ते अंतिम फेरीत गेले. दोन, शेवटी सापडलेली लय पुढच्या वर्षी टिकते. तीन, शेवटच्या टप्प्यात संघ जसा खेळतो तीच त्याची खरी पातळी. चार, म्हणून अशा संघातला एकही माणूस बदलू नये.

हाच मजकूर महिनाभरात दोन ग्रुपांवर वाचून गप्प बसलो होतो. पण आता त्यापायी पोरांची चाचणी रद्द होतेय.

तेव्हा चौथा मुद्दा आधी. मायामी हीट, हंगाम 2016-17. पहिल्या 41 सामन्यांत 11 विजय, 30 पराभव. उरलेल्या 41 मध्ये बरोबर उलटं, 30 विजय आणि 11 पराभव. मधे सलग 13 विजयांची मालिका. त्यातच 23 जानेवारीला पुढे त्या वर्षीचा विजेता ठरलेला गोल्डन स्टेट समोर होता आणि 102-102 अशी बरोबरी होती. मायामीच्या डिऑन वेटर्सने शेवटच्या सेकंदाला लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला आणि हातांची घडी घालून, हनुवटी वर करून तो तिथेच उभा राहिला. तो फोटो पाहून कुणालाही वाटावं, हा संघ आता थांबत नाही. (मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.) एवढं करून प्लेऑफ, म्हणजे साखळी सामन्यांनंतरची बाद फेरी, हुकलाच. शिकागोचेही 41 विजय होते आणि बरोबरी सोडवताना शिकागो आत गेला.

मग त्या उन्हाळ्यात मायामीने फॉरवर्डवाल्याच्या मनासारखं केलं. तीच माणसं राखली. वेटर्सला चार वर्षांचे सुमारे 5 कोटी 20 लाख डॉलर, जेम्स जॉन्सनला चार वर्षांचे 6 कोटी. दुसऱ्या अर्ध्या हंगामाचा वेग वर्षभर टिकता तर 60 विजय व्हायला हवे होते. झाले 44. पहिल्याच फेरीत फिलाडेल्फियाने 4-1 असं घरी पाठवलं. वेटर्सचा घोटा आधीच्या मार्चमध्येच दुखावला होता. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आणि तो जेमतेम 30 सामने खेळला. लय टिकते म्हणणाऱ्यांच्या हिशेबात घोटे नसतात.

अटलांटाचंही तेच. मार्च 2021 मध्ये नेट मॅकमिलनकडे प्रशिक्षक म्हणून संघ आला तेव्हा 14 विजय आणि 20 पराभव होते. तिथून 27 विजय, 11 पराभव, थेट पूर्व विभागाची अंतिम फेरी. उन्हाळ्यात जवळपास तोच संघ परत आणला. पुढच्या वर्षी 43-39 (आधी विजय, मग पराभव) आणि पहिल्या फेरीत गच्छंती. संघ ज्यांनी बांधला त्या ट्रॅव्हिस श्लेंक यांनीच हंगाम अर्ध्यावर असताना रेडिओवर कबूल केलं की सगळ्यांना परत आणणं बहुधा शहाणपणाचं नव्हतं. यापुढे मी काय बोलू?

आता फिनिक्स. कोविडमुळे चार महिने खेळ बंद, मग ऑर्लँडोत प्रेक्षकांविना आठ सामने. आठही जिंकून ते प्लेऑफच्या बाहेरच राहिले, 34-39. पुढच्या वर्षी 51-21 झालं ते खरं, पण मधल्या नोव्हेंबरमध्ये ख्रिस पॉल आला. त्याच्या बदल्यात रिकी रुबिओ गेला, जो त्या आठ सामन्यांच्या संघाचा नेहमीचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा. म्हणजे चौथ्या मुद्द्याला पहिल्याच मुद्द्याचा पुरावा खोटं पाडतो. आणि पॉलसोबतच फिनिक्सला आलेला जे क्राउडर? मायामीने वेटर्स आणि जॉन्सन दोघांना वाटेला लावलं, त्याच व्यवहारात तो आधी मायामीला आला होता.

तिसरा मुद्दा लवकर आटपतो. एप्रिलपर्यंत तळाच्या संघांचा डोळा ड्राफ्टवर, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीवर असतो (तिथे हरणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त), वरचे आपल्या मोठ्या खेळाडूंना बाकावर बसवतात. अशा सामन्यांवरून कसली पातळी काढता? दुसऱ्याबद्दल एवढंच, की एप्रिल ते ऑक्टोबर सहा महिने कुणाची लय टिकते?

थोडं खरं आहे, तेही सांगतो. बोस्टन जानेवारी 2022 मध्ये 23-24 वर अडकला होता. तिथून 51 विजयांवर गेला, अंतिम फेरी खेळला आणि पुढच्या वर्षी 57 जिंकला. टेटम आणि ब्राउन हे त्यांचे मुख्य खेळाडू तरुण होते, वाढत होते, बचाव पक्का बसला होता. अशा संघाचं पुढे टिकतं, मान्य. पण मधल्या उन्हाळ्यात त्यांनीही माल्कम ब्रॉग्डन आणलाच, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम राखीव खेळाडू तोच ठरला.

हे सगळं भाच्याला पाठवलं. ‘एवढं कोण वाचतं मामा’ असं उत्तर आलं. मग फोनच केला. त्याच्या समोरच्या इमारतीतला एक पोरगा या उन्हाळ्यात चांगला वीतभर वाढलाय. संध्याकाळी चेंडू काखेत धरून कोर्टाच्या जाळीबाहेर उभा असतो, आत कुणी बोलावत नाही. त्याचं काय करणार, विचारलं. ‘बघतो’ म्हणाला. रविवारी सकाळी मीच जाऊन उभा राहणार आहे.