ॲपवर हिरवं, नाकात कोबी

काल रात्री कोपरखैरण्यात आमच्या नेहमीच्या टपरीवर कटिंग मारत बसलो होतो, साडेअकरा झाले असतील, आणि आला तो वास. कुजक्या कोबीचा. पक्याने लगेच मोबाईलवर हवा किती खराब ते सांगणारं ॲप काढलं, "एक्यूआय ८८ आहे रे, समाधानकारक, उगाच बोंबलू नका." झालं, पेटलं.

सच्या केमिकल कंपनीत शिफ्टला असतो, तो म्हणाला अरे त्या आकड्यात आठच गोष्टी धरतात, पीएम२.५, पीएम१० म्हणजे बारीक धूळ, ओझोन, अमोनिया वगैरे, हा कोबीवाला त्यात नाहीच, मग दिसणार कुठून? बेन्झीन हा विषारी वायूपण नाही. सरकारी मानकात आहे, वर्षाची सरासरी घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम, पण ॲपच्या आकड्यात नाही. आणि समाधानकारक म्हणजे पीएम२.५ दिवसाला ६० पर्यंत चालतं, डब्ल्यूएचओ २०२१ पासून १५ म्हणतेय. (मी रोज तोच हिरवा आकडा बघून आईला वॉकला पाठवतो, असो.)

मग मी चढलो, म्हणजे आपण रोज विष हुंगतोय! तर सच्या माझ्यावरच उलटला. "वासावरून धोका मोजतोस? घरच्या सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम मरकॅप्टन हे वासाचं केमिकल घालतात, हा त्याचाच भाऊबंद असेल, नाकाला कणभरपण कळतो. उलट गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड, वासच नाही, माणूस बाथरूममधून बाहेर येत नाही. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला तर नाकच बधिर होतं, वाटतं गेला वास." काय आहे, किती आहे, किती तास आणि कोणाच्या छातीत जातंय, एवढं सगळं बघायला लागतं म्हणे.

"मी एन९५ लावतो," पक्या.

"धुळीला लाव, गॅस आरपार जातो."

तक्रारीचं विचारू नका. मागे केली होती, माणूस आला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, हवा हुंगली, वास नाही लिहून गेला. येईल कसा, दुपारी वारा खाडीकडून डोंगराकडे, रात्री उलटा, म्हणजे एमआयडीसीवरून थेट आमच्या खिडकीत, त्यात थंडीत हवा खालीच बसून राहते. सच्या म्हणाला मग महिनाभर वेळ, वाऱ्याची दिशा, कोणाला खोकला, कोणाचे डोळे चुरचुरले, सगळं लिहा आणि रात्रीच मशीन लावून मोजा म्हणून मागणी करा.

पक्याने टपरीवाल्याकडे वही मागितली.

"उधारीची आहे," तो म्हणाला, "आधी मागचे ९० द्या."

दिले. मागच्या पानावर लिहिलं, ११.४०, कोबी, वारा डोंगराकडून, सच्याचे डोळे लाल. सच्या म्हणाला माझे शिफ्टमुळे लाल आहेत, खोड ते.