एकच पोटरी सुजली असेल तर चोळू नका

पायांच्या सुजेवरचा लेख चांगला आहे, पण त्यातला ‘पायाला सूज आली की कोमट तेलाने पोटरी चोळा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. संध्याकाळी दोन्ही पाय सुजणं वेगळं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखरी आणि गरम लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळताना ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

त्वचेखाली निळ्या दिसतात त्या या शिरा नव्हेत. खोल शिरा स्नायूंच्या मध्ये, धमनीला लागून असतात. पोटरीत तर एका धमनीच्या दोन बाजूंना दोन. गुठळी बहुधा पोटरीतच, शिरेतल्या झडपांच्या खोबणीत धरते, कारण तिथे रक्त रेंगाळतं. डाव्या पायात प्रमाण जास्त, कारण ओटीपोटात उजवीकडची धमनी डाव्या शिरेवरून जाते आणि तिला दाबते.

गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. 3 सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कमी आला म्हणून निर्धास्तही राहू नका. डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) प्रोबने दाबल्यावर शीर पूर्ण चपटी व्हायला हवी, नाही झाली तर आत गुठळी. (पाऊल वर ओढून दुखतं का बघायची जुनी चाचणी भरवशाची नाही.) रक्त पातळ करणारी औषधं साधारण किमान 3 महिने चालतात, सूज उतरली की लोक मनानेच बंद करतात, तिथेच घात होतो. दम लागला किंवा छातीत टोचलं, तर डॉपलरची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.