गॅरेजला ऊब हवी आहे

अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत उणे वीस सेल्सियस ही काही बातमी नव्हे. अशा मुलखात मला सुतारकामाचा नाद लागला. गॅरेजातली एका गाडीची जागा करवतीच्या टेबलाने खाल्ली आणि बायकोची गाडी बाहेर बर्फात उभी राहू लागली. यावर ती फारसं बोलत नाही. पण न बोलण्याचीही तिची एक पद्धत आहे.

नुसती थंडी असती तर अंगावर आणखी एक जॅकेट चढवलं असतं. पण लाकडाचा पिवळा गोंद दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही. खडूसारखा पांढरा पडून वाळतो, आणि ड्रॉवर ओढला की त्याचा पुढचा भाग तेवढा हातात येतो.

"मग हीटर घे ना," बायको म्हणाली. कुणाला 'मग लग्न कर ना' म्हणावं, तितक्या सहज.

सुरुवात प्लगवाल्यापासून. इथला घरातला प्लग १२० व्होल्टचा, सर्किट बहुधा १५ अँपिअरचं, त्यामुळे हे हीटर १,५०० वॉटवर येऊन थांबतात. स्वस्त घ्या, महाग घ्या, ऊब तेवढीच, तासाला ५,१०० बीटीयूच्या आसपास (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं इथलं माप). वरचे पैसे रिमोटचे. दोन गाड्यांच्या गॅरेजात त्याच्यासमोर उभं राहिलं की एक पोटरी तापते, दुसरी मिनेसोटातच राहते. त्याच सर्किटवर करवत सुरू केली की ब्रेकर पडतो, आणि मग अंधारात दोन्ही पोटऱ्या समान.

शेजारी जन्मापासून इथला, बर्फात हाफ पँटीवर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणारा. त्याने प्रोपेनचा टॉर्पीडो हीटर सुचवला, आणून पेटवूनही दाखवला. आवाज असा की विमान आमच्याच दारातून सुटतंय. ऊब मात्र झकास! पण प्रोपेन जळला की पाण्याची वाफ होते, ती करवतीच्या गार बिडावर दवासारखी बसते, की गंज हजर. शिवाय हवेत भुसा, समोर उघडी ज्वाळा आणि कार्बन मोनॉक्साइडची धास्ती. "दार थोडं उघडं ठेवायचं," शेजारी म्हणाला.

त्याच रात्री सांगलीहून बाबांचा व्हिडिओ कॉल. "एवढं काय त्यात? कोळशाची शेगडी ठेव की." मी मोनॉक्साइड समजावून सांगितला. "मग दार उघडं ठेव," बाबा म्हणाले. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांचं इतकं एकमत मी पाहिलेलं नाही.

इन्फ्रारेड हीटर हवा तापवत नाही, समोरची वस्तू तापवतो. म्हणजे माझं टक्कल गरम आणि टेबलाआडची गोंदाची बाटली गार. नैसर्गिक वायूचा, छताला टांगायचा ४५,००० बीटीयूचा हीटर खरा राजा. पण त्याला वायूची लाइन हवी, बाहेर धुराडं हवं, नगरपालिकेचा परवाना हवा. एकूण खर्च ऐकल्यावर 'एवढ्यात तयार फर्निचर आलं असतं' असं बायको म्हणाली नाही. तिने फक्त कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला.

खरं दुखणं एका उदबत्तीने दाखवलं. देवघरातली एक पेटवून मी गॅरेजच्या दाराच्या कडेने फिरवली. मधोमध धूर सरळ वर जात होता, खालच्या रबरापाशी आला की आडवा होऊन आत धावत होता. रबर लाकडासारखं कडक झालेलं, दार म्हणजे नुसता पत्रा. अशा खोलीत कितीही बीटीयू ओता, ते फिरायला बाहेर जाणार. माझं ठाम मत आहे की हीटर विकणाऱ्याने आधी उदबत्ती विकावी. नवं रबर लावलं, पत्र्याला आतून फोमचे तक्ते बसवले. दाराचं वजन वाढलं म्हणून दार उचलणारी स्प्रिंग जुळवायला माणूस बोलावला. त्या स्प्रिंगशी स्वतः खेळू नये.

शेवटी २४० व्होल्टचा, ५,००० वॉटचा विजेचा हीटर छताला लागला, सुमारे १७,००० बीटीयूचा, स्वतंत्र ३० अँपिअरच्या सर्किटवर. गॅरेज पंधरा अंशांवर आलं. गोंद धरू लागला. बायको चहा घेऊन आली, एक गोल चक्कर मारली आणि म्हणाली, "छान उबदार झालंय रे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तर तिची गाडी आत. चाकांवरचा बर्फ वितळून रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाचं पाणी माझ्या ओकच्या फळ्यांकडे निघालेलं.

"तुझ्या करवतीच्या टेबलाला चाकं आहेत ना?" तिने विचारलं.

गाडीलाही आहेत, असं मी म्हणालो नाही.